दोन घंट्या वाजवून ठेव

आमच्या घरावरून विमानं जायची. अजूनही जातात म्हणा, पण तेव्हा दिल्लीच्या द्वारकेत दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे ती थेट अंगावर येऊन जायची. सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या. निम्म्या इमारतींना खिडक्या नव्हत्या, रस्ते हे एवढे रुंद आणि त्यांवर चिटपाखरू नाही. कडेला कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं, वाळूचे ढीग, पाण्याचे टँकर. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बहुतेक नोकरी काढल्यावर आम्ही नवराबायकोने इथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पुण्याचे नातेवाईक विचारायचे, दिल्लीत कुठे राहता, आणि मी विमानतळाजवळ म्हटलं की त्यांना फार भारी वाटायचं. डोंबलाचं भारी! बोलता बोलता विमान आलं की वाक्य तोंडात धरून बसायचं आणि ते गेलं की आपण काय म्हणत होतो ते आठवायचं.

नवऱ्याला मी जन्मभर नावाने हाक मारली नाही, तर आता लिहिताना तरी कशाला? इथेही ‘हे’च म्हणते. हे केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात होते, मी एका मिनिस्ट्रीत स्टेनो. ह्यांना आकड्यांवाचून करमायचं नाही आणि मला बोलल्यावाचून. एकच मुलगी. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे कपाळाला हात लावायचं काम. ‘मला भूक लागली’ हे बरोबर म्हणायची आणि त्याच दमात ‘मला डर लागतो’. अगं, भीती वाटते म्हण! “तेच ते, आई,” म्हणून ती पळून जायची.

नव्या घरात फोन आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आजच्या मुलांना हसू येईल, पण त्या नंबरासाठी ह्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती की कनेक्शन जोडणाऱ्या लाइनमनला त्यांनी जेवायलाच बसवलं. फोनशी आमची एक घरगुती पद्धत होती. बाहेरगावचा फोन महाग, म्हणून कोणी प्रवासाला गेलं की पोचल्यावर दोन घंट्या वाजवायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन घंट्या म्हणजे पोचलो, ठीक आहे, उचलू नका. घंटी वाजतच राहिली तर मात्र काहीतरी बोलायचंय, धावत या आणि उचला. आमच्यासारख्या पगारदारांच्या घरोघरी अशी काही ना काही खूण असायचीच. ह्यांच्या नोकरीतल्या शेवटच्या दौऱ्यांपासून ही पद्धत सुरू झाली, मुलगी कॉलेजच्या सहलींना जायला लागली तेव्हा तिनेही ती उचलली, आणि लग्न होऊन ती शिकागोला निघाली तेव्हा विमानतळावर ह्यांनी तिला शेवटचं वाक्य हेच सांगितलं, “दोन घंट्या वाजवून ठेव.”

जावई आधीच पुढे गेला होता. कॉम्प्युटरवाला. त्या वर्षांत दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांतले जावई कॉम्प्युटरवालेच होते. हिचा व्हिसा मागाहून आला, त्यामुळे ती एकटी निघाली. मी तिच्या हातावर दही घातलं, तिने ते चाटलं, ‘येते’ म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे फोनजवळ खुर्ची ओढून बसले. तिकिटावरच्या वेळा त्यांनी पाठ केल्या होत्या. पहाटे अडीचला निघणार, दुपारी दोनला पोचणार, वजाबाकी केली, साडेअकरा तास. “एवढ्या वेळात तर आपण रेल्वेने भोपाळच्या पुढे जात नाही,” असं मलाच ऐकवलं. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. फोन गप्प. ह्यांनी दोनदा रिसीव्हर उचलून टोन आहे का बघितला आणि मी दोनदा ओरडले की अहो, तुम्ही उचलून धरलात तर तिची घंटी वाजणार कशी!

संध्याकाळी मी सहज म्हटलं, “तिकडे आता किती वाजले असतील हो?” आणि ह्यांचा चेहरा उतरला. तिकिटावरची पोचायची वेळ तिकडच्या घड्याळातली होती. साडेदहा तासांचा फरक ह्यांनी धरलाच नव्हता. सगळी हयात दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेली आणि स्वतःच्या लेकीच्या वाटेचा हिशेब चुकला! मी हसले, खूप हसले, पण मग बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “म्हणजे ती अजून वरच आहे गं,” ते म्हणाले. एवढा वेळ माणूस हवेत राहू शकतं हे आम्हा दोघांनाही तोवर नीट उमगलं नव्हतं.

मग ते उठले आणि कपाटावरून मुलीचा शाळेतला पृथ्वीचा गोल काढला. माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक दिल्लीवर, दुसरं शिकागोवर. मी म्हटलं दोरा असा आडवा जाईल, युरोप, मग समुद्र, मग अमेरिका. तर नाही. ताणल्यावर तो वर सरकला आणि पार उत्तरेला, बर्फाच्या टोकाजवळून गेला. “खरी जवळची वाट ही,” ते म्हणाले. “बारा हजार किलोमीटर. विमान मधे जर्मनीत थांबतं म्हणून तेरा हजारांच्या घरात जातं.” मला काही पटलं नाही. अमेरिकेला जायला उत्तर ध्रुवाकडे कशाला वळायचं? मी म्हटलं, तुमचा आजचा एक हिशेब बघितला, आता हा राहू दे. रात्री आम्ही हॉलमध्येच फोनजवळ गादी घालून, दिवा मालवून पडलो आणि तेव्हा घंटी वाजली. माझा हात गेलाच होता, ह्यांनी तो धरून ठेवला. दुसरी वाजली. मग बंद. आम्ही दोघं अंधारात तसेच हात धरून पडलो होतो, आणि मला वाटतं त्या रात्रीइतकं सुख मला त्या घरात पुन्हा झालं नाही.

पुढच्या वर्षीच्या थंडीत हे गेले. सकाळी चहा मागितला आणि मी आणेपर्यंत गेले. लेक निघाली, पण तेरा हजार किलोमीटर कोणाच्या रडण्याने कमी होत नाहीत. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. पंधरा-वीस दिवस राहिली, मला चल म्हणाली, मी नाही म्हटलं, आणि ती परत गेली. जाताना ह्यांच्याऐवजी मीच म्हणाले, दोन घंट्या वाजवून ठेव.

त्यानंतर घरात मी आणि विमानं. स्वयंपाक करायचा कंटाळा, खायचा त्याहून कंटाळा. भाजीवाल्याशी घासाघीस करताना कळायचं की आज आपण पहिल्यांदा तोंड उघडलं. खालच्या मजल्यावर एक पंजाबी बाई होत्या, त्या भाभीजी म्हणत वर यायच्या, पण त्यांचं सगळं बोलणं त्यांच्या मिस्टरांच्या नाइट ड्यूटीवर यायचं आणि मला ज्या माणसाबद्दल बोलायचं होतं तो भिंतीवर फोटोत होता. महिन्यातून एकदा लेकीशी खरं बोलणं व्हायचं. एरवी ती रोज माझ्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, कामाला निघण्यापूर्वी दोन घंट्या वाजवायची. मी पाच-दहा मिनिटं आधीच ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसायची. एक. दोन. संपलं. दिवसभर जिची वाट पाहायची ती गोष्ट न उचलण्यासाठीच असायची. कधीकधी वाटायचं उचलावा, बघू काय होतं ते. पण शिस्त ती शिस्त.

एका संध्याकाळी तिसरी घंटी वाजली. मी धडपडत उचलला. बातमी गोड होती. मी म्हटलं, आता बघ कशी आणते तुला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणी सांगायला लागतं? सातव्या महिन्याच्या आधी ती येणार असं ठरलं. मी कामाला लागले. आतली खोली चुन्याने पांढरी करून घेतली. जुनी मऊ लुगडी आणि धोतरं काढून दुपटी शिवली. करोल बागेतल्या दुकानातून डिंक आणला, हळीव आणले, बाळंतशोप मिळेना म्हणून पुण्याहून मागवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी दोन वेळा जेवत होते. खालच्या भाभीजींनासुद्धा मी आपणहून सांगून आले, “मेरी बेटी आ रही है.”

आणि मग पुन्हा एकदा घंटी थांबली नाही. तिचं ब्लड प्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी विमानात पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. विहीणबाई तर लग्नाआधीच गेलेल्या, तिकडे दुसरं बाईमाणूस कोणी नाही.

“आई, मला डर लागतो गं,” ती म्हणाली.

“भीती वाटते म्हण,” माझ्या तोंडून सवयीने गेलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते हे.

ती म्हणाली, “तू येशील ना? बाळ व्हायच्या आधी येशील ना?”

“येईन. तुला कळा येतील तेव्हा मी तुझ्या उशाशी असेन. मग तर झालं?”

“प्रॉमिस?”

“अगं, आई आहे मी तुझी, प्रॉमिस कसलं करायचंय!”

मी कधी विमानात बसले नव्हते. विमानांखाली राहिले होते एवढंच. पण तिकीट काढलं, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चांगलं दोन आठवडे आधीचं. व्हिसाच्या रांगेत उभी राहिले, तिथल्या गोऱ्या बाईने विचारलं कशाला जाताय, मी म्हटलं मुलीचं बाळंतपण आहे, दुसरं कोण करणार? तिने शिक्का मारला. पुण्याहून धाकटे दीर फोनवर सल्ले द्यायचे. “वहिनी, एकट्या एवढ्या लांब कशा जाणार? आणि तुम्ही पाच महिने नाही, तर टेलिफोनवाल्यांना सांगून फोन तेवढा बंद करून ठेवा. उगीच भाडं कशाला?” मी हो हो म्हटलं आणि केलं नाही. ह्यांनी ज्याच्यासाठी लाइनमनला जेवू घातलं तो फोन मी माझ्या हाताने बंद करू? रिकाम्या घरात असेना का बिचारा.

सोसायटीत मी एकदम विमानशास्त्रातली तज्ज्ञ झाले. जी भेटेल ती विचारायची, “कितने घंटे लगते हैं?” मी ऐटीत सांगायची, आधी जर्मनीपर्यंत आठ-साडेआठ, मग तिथे बसून राहायचं, मग पुढे नऊ-साडेनऊ, सगळा मिळून एक दिवस जातो, आणि तिथल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, त्यात साडेदहा तास लपलेले असतात. हे ऐकायला असायला हवे होते, असं प्रत्येक वेळी मनात यायचं. भाभीजी म्हणाल्या किल्ली माझ्याकडे देऊन जा. मी दिली नाही. माझा स्वभावच संशयी, काय करणार. तुळशीची कुंडी तेवढी त्यांच्या बाल्कनीत ठेवली.

निघायच्या संध्याकाळी बॅगा दाराशी लावल्या, देवापुढे दिवा लावला, आणि लक्षात आलं की माझ्या हातावर दही घालायला घरात कोणी नाही. एवढ्यासाठी भाभीजींना कुठे बोलवायचं? त्यांना समजवायला अर्धा तास जायचा. मी वाटीतून चमचाभर दही काढलं, स्वतःच्याच तळहातावर घातलं आणि स्वतःच चाटलं. फोटोला ‘येते’ म्हटलं. मग कुलूप लावताना जिन्यात रडू फुटलं. टॅक्सीवाला खालून हॉर्न वाजवत होता, म्हणून त्याच्यावरच ओरडून घेतलं. घर ते विमानतळ जेमतेम पंधरा मिनिटं. म्हटलं, चला, तेरा हजारांतले एवढे तरी कमी झाले.

विमानात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते ते पट्टा लावून जे झोपले ते जर्मनीतच उठले. जर्मनीत काचेचा भला मोठा हॉल होता आणि त्यात फोन होते. लेकीला एक फोन करावा असं फार वाटलं. पण नाणी कुठली घालायची, नंबर कसा फिरवायचा, कोणाला विचारायचं! आणि म्हटलं, आज भेटणारच की. मी डिंकाच्या लाडवांची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या विमानाची वाट बघत बसून राहिले.

दुसऱ्या विमानात समोर पडद्यावर नकाशा होता. त्यावर एक छोटंसं विमान आणि त्याची रेघ. मी बघते तर रेघ सरळ नव्हतीच. समुद्रावरून आडवं न जाता ती वर गेली होती, ग्रीनलंडाच्या अंगाला, आणि मग खाली वाकली होती. अगदी गोलावर दोरा धरला होता तशी. अहो, तुमचा दोरा बरोबर होता हो! मी हे मोठ्यांदा बोलले असणार, कारण पलीकडच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. सांगायचं कोणाला? ज्याच्यापुढे हार कबूल करायची तो माणूसच नव्हता. खाली समुद्र होता, वर काही नव्हतं, आणि पडद्यावर अजून पाच तास बाकी होते. इतकं एकटं मला ह्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शिकागोला कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली. डिंकाचा डबा त्याने नाकाशी नेला, हळिवाच्या पुडीकडे बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, “फॉर डिलिव्हरी.” त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने सोडलं. बाहेर आले तर जावई नाही. माझं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून एक अनोळखी तरुण गृहस्थ उभे होते. जावयाचे ऑफिसातले मित्र, तेलुगू बोलणारे. मी जवळ गेले तसे ते तोंडभर हसले आणि म्हणाले, “काँग्रॅच्युलेशन्स आंटी! बेबी गर्ल!”

मी बॅगेवरच बसले. आज सकाळी झाली म्हणाले. हिशेब करायला मला आता वेळ लागत नव्हता. मी पडद्यावरची रेघ बघत होते तेव्हा झाली होती. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण आधी आला तो राग. कोणावर ते कळेना. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि मी आजी झाले हे मला सांगतंय कोण, तर ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नाही असे एक गृहस्थ, तेसुद्धा इंग्रजीत. ते बिचारे घाबरून पाणी आणायला धावले.

हॉस्पिटलात लेक उशीला टेकून बसली होती. पांढरीफटक दिसत होती, पण हसत होती. शेजारी बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला. ओल्या बाळंतिणीला बर्फाचं पाणी! मी आधी तो पेला उचलून बेसिनमध्ये ओतला, मग नातीकडे बघितलं. कपाळ ह्यांचं, अगदी तेच रुंद, हिशेबी कपाळ.

“फार त्रास झाला का गं?” मी विचारलं.

“नाही गं. सगळे होते ना. नर्सेस खूप छान आहेत इथे. तू बस, तूच दमली असशील.”

झालं. एवढंच. ना तक्रार, ना रडणं. मी म्हणणार होते की अगं, मी कबूल केलं होतं आणि मला पोचता आलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर इतका शहाणपणा होता की मला बोलायला जागाच मिळाली नाही. मला वाटलं, हिला माझी गरज नव्हती. मीच उगीच उशाशी बसायच्या गोष्टी करत होते. पाच महिने मी राबले. तेल लावलं, शेक दिला, ओव्याची धुरी केली तर छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं आणि अग्निशामकवाले यायचेच बाकी राहिले. लाडू केले, ते जावयानेच जास्त खाल्ले. लेक सगळं गोड बोलून करून घ्यायची. पण त्या दिवसाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही आणि मीही नाही.

परत आले तेव्हा दिल्लीत उकाडा सुरू व्हायचा होता. कुलूप उघडलं, घरभर धुळीचा थर. आतली पांढरी केलेली खोली तशीच, कोणीच न झोपलेली. मी पदराने फोन पुसला आणि कानाला लावला. टोन होता. आयुष्यात पहिल्यांदा पोचल्याची खूण मला द्यायची होती. शिकागोचा नंबर फिरवला, दोन घंट्या होऊ दिल्या आणि ठेवला. तिकडे कोणीतरी त्या मोजल्या असतील, एवढाच काय तो आधार.

दुपारी भाभीजी तुळस घेऊन वर आल्या. तुळस तरारलेली होती, मी खरंच खूश झाले. चहा ठेवला. त्यांनी दोन घोट घेतले आणि मनातलं बाहेर काढलं.

“भाभीजी, बुरा मत मानना, पर आप फोन का कुछ करके जाया करो. जिस रात आप गईं ना, अगले दिन सवेरे से जो घंटी बजनी शुरू हुई! बजती जाए, बजती जाए. बंद हो, फिर बजे. दोपहर तक. ये नाइट ड्यूटी से आकर सोए थे, बेचारे तकिया कान पे रखके पड़े रहे. चाबी होती तो मैं ही उठा लेती.”

मी म्हटलं राँग नंबर असेल. त्या म्हणाल्या, इतका वेळ राँग नंबर कोण लावतं? त्या गेल्या आणि मी विचार करत बसले. दीर? त्यांना मी निघाल्याचं माहीत होतं. ऑफिसातलं कोणी वर्षानुवर्षं फोन करत नव्हतं. अगले दिन सवेरे. म्हणजे मी जर्मनीच्या वाटेवर होते तेव्हा. म्हणजे शिकागोत आदली रात्र. मी पुन्हा शिकागो लावलं, आणि ह्या वेळी दोन घंट्यांवर ठेवलं नाही.

तिकडे अपरात्र असूनही तिने लगेच उचलला. “आई? काय झालं?”

“मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे कोणी फोन केला होता? सकाळभर?”

तिकडून बाळाचं हुंकारणं ऐकू येत होतं.

“मी केला होता,” ती म्हणाली.

“अगं, पण मी विमानात होते! तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. तुझी फ्लाइट कुठे किती वाजता उतरणार ते मला सगळं पाठ होतं. बाबांसारखं काही चुकवलं नव्हतं मी.”

“मग कशाला लावायचा? घरात कोणी उचलणारं नव्हतं गं.”

“पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तूच सांगायचीस ना. मला तर यायला मिळालंच नाही.” तिचा आवाज चिरकला. “म्हटलं, घंटी तरी आपल्या घरी वाजू दे. पलंगाजवळ फोन होता. कळ आली की लावायचे आणि कानाशी धरून ठेवायचे. आता हॉलमध्ये वाजतेय, आता किचनमध्ये ऐकू जातेय, बाबांची खुर्ची तिथेच आहे, असं डोळ्यांपुढे यायचं. कोणी उचलणार नाही ते कळत होतं. पण मला खूप डर लागत होता, आई.”

मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. एवढे महिने मी तिच्या घरात तिचे पाय चेपले, केस विंचरले, आणि ही एवढी मोठी गोष्ट पोरीने पोटात ठेवली, का, तर मला वाईट वाटेल म्हणून.

“आता मी आहे घरी,” मी कशीबशी म्हणाले. “तुला वाटेल तेव्हा वाजव. दोनच कशाला? वाजवतच राहा. मी उचलीन. बिल आलं तर येऊ दे.”

ती नाक ओढत हसली. “आता कशाला गं? आता ठीक आहे मी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे आधीच ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. एक विमान गेलं, काचा थरथरल्या आणि शांत झाल्या. मग फोन वाजला. एक. दोन. तिसरी वाजेल म्हणून मी रिसीव्हरवर हात ठेवून किती वेळ बसले होते. वाजली नाही. ती ठीक होती.